मॅग्लेव्ह तरंगते, पण फुकट धावत नाही

चुंबकावर तरंगणाऱ्या गाड्यांबद्दलचा एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मॅग्लेव्ह म्हणजे सारखे ध्रुव एकमेकांना दूर लोटतात, बस्स. घर्षण नाही, म्हणून एकदा वेग घेतला की वीज जवळजवळ लागतच नाही. रुळावरून घसरण्याचा प्रश्न नाही, म्हणून अपघात अशक्य. चाकांची रेल्वे आता थोड्याच वर्षांची सोबती आहे. आणि हे तंत्रज्ञान इतकी वर्षं तेल कंपन्यांनी दाबून ठेवलं होतं. मला या गाड्यांचं मनापासून कौतुक आहे, म्हणूनच हा मजकूर खटकतो. त्यांत जे खरोखर थक्क करणारं आहे, तेच त्यात गाळलंय.

सुरुवात ध्रुवांपासून. दोन चुंबक घेऊन सारखे ध्रुव समोरासमोर धरा आणि वरचा सोडून द्या. तो तरंगणार नाही, बाजूला सरकेल, उलटेल आणि चिकटेल. नुसते स्थिर कायमचुंबक कसेही मांडले तरी त्यांच्या जोरावर वस्तू स्थिरपणे अधांतरी राहू शकत नाही, हे सॅम्युएल अर्नशॉने 1842 सालीच गणिताने दाखवलं होतं. मॅग्लेव्हचं सगळं कसब ही अडचण ओलांडण्यात आहे आणि त्याच्या दोन वाटा निघाल्या.

जर्मन ट्रान्सरॅपिड, जी शांघायच्या पुदोंग विमानतळापर्यंत धावते, ती प्रतिकर्षणावर तरंगतच नाही. ती आकर्षणावर चालते. गाडीचे हात मार्गाच्या कडेखाली वळलेले असतात आणि त्यांतले विद्युतचुंबक खालून वर, मार्गाकडे ओढले जातात. फट जेमतेम 10 मिलिमीटर. ती जरा कमी झाली की ओढ वाढते, ओढ वाढली की फट आणखी कमी होते. सोडून दिलं तर चुंबक क्षणात मार्गाला जाऊन आदळेल. म्हणून संवेदक सेकंदाला हजारो वेळा फट मोजतात आणि त्यानुसार चुंबकांतला प्रवाह कमीजास्त केला जातो.

जपानी वाट अगदी वेगळी. तिथे गाडीत नायोबियम-टायटॅनियम या मिश्रधातूची अतिवाहक (म्हणजे अतिथंड झाल्यावर विजेला विरोध न करणारी) वेटोळी असतात, द्रवरूप हेलियमने उणे 269 अंश सेल्सियसपर्यंत थंड केलेली. गाडी वेगाने जाऊ लागली की मार्गाच्या दोन्ही भिंतींतल्या वेटोळ्यांत प्रवाह निर्माण होतो आणि तोच गाडीला सुमारे 10 सेंटिमीटर उचलून धरतो. म्हणजे थांबलेली गाडी तरंगत नाही. ताशी साधारण 150 किलोमीटरचा वेग येईपर्यंत ती रबरी चाकांवर धावते. ‘चाक नसलेली गाडी’ म्हणून जिचे फोटो फिरतात, तिला चाकं आहेत!

आता विजेचा मुद्दा, जो सगळ्यांत जास्त लोकांना पटतो. पोलादी रुळावर पोलादी चाकाचं घर्षण मुळातच फार कमी असतं, रेल्वे स्वस्त पडते ती त्यामुळेच. ताशी 300 किलोमीटरला गाडीला होणारा बहुतांश विरोध हवेचा असतो आणि हवेला खाली चाक आहे की चुंबक याच्याशी देणंघेणं नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 300 वरून 500 वर गेलात की तेवढ्याच अंतराला हवेशी झगडण्यात पावणेतीनपट ऊर्जा जाते आणि त्या वेगात दर क्षणी लागणारी शक्ती साडेचारपटीहून जास्त होते. बोगद्यात हे आणखी बिघडतं. जपानात बांधकाम चालू असलेल्या टोकियो ते नागोया या 286 किलोमीटरच्या चुओ शिंकान्सेन या मॅग्लेव्ह मार्गाचा तर सुमारे 86 टक्के भाग बोगद्यांत आहे. शिवाय भिंतींतल्या वेटोळ्यांत निर्माण झालेला प्रवाह गाडीला उचलतो तसा थोडा मागेही ओढतो. सारख्याच वेगाला मॅग्लेव्ह चाकांच्या गाडीइतकी किंवा थोडी कमी वीज घेऊ शकते, इथवर वाद नाही. पण ती बांधतात ती जास्त वेगासाठी.

अपघाताबद्दल तर बेफिकिरीने लिहिलंय. घसरणं जवळपास अशक्य आहे हे खरं, कारण ट्रान्सरॅपिड मार्गाला कवेत घेते आणि जपानी गाडी दोन भिंतींच्या मधून जाते. वीज गेली तरी गाडी कोसळत नाही: एकीत बॅटऱ्या असतात, दुसरी वेग ओसरेपर्यंत तरंगते आणि मग चाकांवर उतरते. पण 22 सप्टेंबर 2006 रोजी जर्मनीत लाथेनच्या चाचणी मार्गावर ट्रान्सरॅपिड देखभालीच्या वाहनावर आदळली आणि 23 माणसं गेली. मार्ग मोकळा आहे याची खात्री न करता गाडी सोडली गेली होती. ती चूक चुंबक सुधारू शकत नव्हते.

चाकं मोडीत निघण्याचं म्हणाल, तर 3 एप्रिल 2007 रोजी फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान रेल्वेने पोलादी चाकांवर ताशी 574.8 किलोमीटर गाठले. मॅग्लेव्हचा विक्रम 603 चा, जपानचा, 21 एप्रिल 2015 चा. टीजीव्हीसाठी चाकं मोठी केली होती, तारेतला विद्युतदाब वाढवला होता आणि रोजच्या वाहतुकीत तो वेग परवडत नाही, हे मान्य. तरी फरक तीसही किलोमीटरचा नाही. त्याहून मोठी अडचण जाळ्याची आहे. टीजीव्ही वेगवान मार्ग सोडून जुन्या रुळांवरून शहराच्या मध्यापर्यंत जाते. मॅग्लेव्ह आपल्या मार्गाबाहेर एक पाऊल टाकू शकत नाही. ट्रान्सरॅपिडला मार्ग बदलायचा तर लांबलचक पोलादी तुळईच वाकवावी लागते. शिवाय गाडी पुढे नेणाऱ्या मोटरचा एक भाग गाडीत नसून मार्गभर पसरलेला असतो, त्यामुळे प्रत्येक किलोमीटर महाग पडतो.

आणि तेल कंपन्या? हेर्मान केम्पर या अभियंत्याला 1934 साली जर्मनीत मॅग्लेव्हचं पेटंट मिळालं. अमेरिकेत पॉवेल आणि डॅन्बी या शास्त्रज्ञांनी साठच्या दशकात अतिवाहक चुंबकांची कल्पना उघडपणे मांडली. जर्मनी आणि जपानने दशकानुदशकं चाचण्या केल्या. म्युनिक विमानतळाचा मार्ग 2008 मध्ये रद्द झाला, कारण अंदाजित खर्च 3 अब्ज युरोंच्या वर गेला. चुओ मार्ग 2027 ला सुरू व्हायचा होता. ओइ नदीच्या पाण्यावर बोगद्याचा काय परिणाम होईल यावरून वाटेतल्या शिझुओका प्रांतात काम अडलं आणि आता 2034 च्या आधी तो सुरू होणार नाही.

पुढे हे तंत्रज्ञान कुठे टिकेल? माझ्या मते दोन ठिकाणी. एक, जिथे दोन अतिप्रचंड शहरांमधला मार्ग आधीच तुडुंब भरलाय आणि विमानाशी स्पर्धा आहे. चुओ मार्गाने नागोया टोकियोपासून 40 मिनिटांवर येईल. दुसरं ठिकाण कमी चमकदार, पण मला जास्त आशेचं वाटतं: शहरातले मंद मॅग्लेव्ह. नागोयाजवळची लिनिमो 2005 पासून, तर चीनमधल्या चांगशाची विमानतळ गाडी 2016 पासून चालते, लिनिमो ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास, चांगशाची 2021 पासून 140 पर्यंत. तिथे विक्रम नाहीत. आवाज कमी, चढ सहज, आणि झिजायला चाकंच नाहीत.