कुंपणाआड मेलेलं फुलपाखरू

जूनअखेरीस सॉमरसेटमधल्या कॉलर्ड हिलवर गेलो होतो. ब्रिस्टलच्या आमच्या घरापासून तासाभराची वाट. उतारावरचं गवत दोन पेरांहून उंच नाही. मधेमधे थाइमची जांभळट फुलं. पान चुरगळलं की थेट ओव्याचा वास! तिथेच ‘लार्ज ब्लू’ दिसलं. निळ्या पंखांवर काळे टपोरे ठिपके.

हे फुलपाखरू 1979 साली ब्रिटनमधून नामशेष झालं होतं. आधी सगळा दोष संग्राहकांच्या माथी मारला गेला. त्यांना रोखायला एका जागेला कुंपण घातलं, पण त्यानं गुरंही बाहेर राहिली आणि फुलपाखरू तिथूनच नाहीसं झालं. खरं कारण जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञानं वर्षानुवर्षं माळावर बसून शोधलं. ही अळी थाइमवर थोडे दिवस काढते, मग जमिनीवर उतरते. एका विशिष्ट जातीच्या लाल मुंग्या तिला आपलंच पिल्लू समजून वारुळात नेतात आणि ती त्यांचीच पिल्लं खाऊन वाढते. त्या मुंगीला उन्हानं तापलेली जमीन लागते. चराई थांबली, 1950च्या दशकात रोगानं ससे मेले, गवत वाढलं, माती गार झाली. मुंगी गेली, तिच्यामागे फुलपाखरू. पुढे स्वीडनमधून अळ्या आणल्या, पण त्याआधी गुरं पुन्हा चरायला सोडून माळ तयार केला.

मी मूळचा साताऱ्याचा. त्यामुळे हे सगळं ऐकताना डोळ्यांपुढे कास येत होतं. पर्यटकांच्या पायांखाली फुलं तुडवली जातात म्हणून पठाराला, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत सड्याला, जाळी ठोकली आणि गुरंही थांबली. काही वर्षांत फुलं रोडावल्याची, गवत माजल्याची ओरड झाली आणि जाळी काढावी लागली. आमचे काका तेव्हा फोनवर म्हणाले होते, “गुरं फिरली नाहीत तर सडा मोकळा राहतोय व्हय?” मी तेव्हा ते हसण्यावारी नेलं. आज त्याची लाज वाटते.

इंग्लंडचा उपाय कासला जसाच्या तसा लागू पडेल, असं माझं म्हणणं नाही. इथली थंड माती वेगळी, आपला पावसात भिजणारा जांभा वेगळा. पण घरच्या गप्पांत मला दोनच बाजू ऐकू येतात: सगळं बंद करा, नाहीतर सगळं खुलं सोडा. 2015 साली ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. त्याच राज्यात सड्यांची नोंद मात्र ‘पडीक’ अशी होते आणि पडीक जमिनीवर खाण आली काय, रिसॉर्ट आलं काय, कुणाला हळहळ वाटत नाही.

पुढचं कुंपण घालण्याआधी निदान दोन-तीन पावसाळे तिथे कुणीतरी बसावं. कुठल्या फुलावर कोणती माशी येते, गुरं कुठून जातात, गवत कुठे वाढतं, हे टिपावं. आणि त्या नोंदी ठेवणाऱ्यांत गावातले गुराखी पगारावर असावेत.