पी०३३५

रविवारी सकाळी आठ वाजता वाईला बारशाला निघायचं होतं. किल्ली फिरवली. सेल्फ दणक्यात फिरला, पण गाडी काही पेटेना. पाचव्या घर्रर्रला पहिल्या मजल्याच्या खिडकीतून आमचे सेक्रेटरी नाना डोकावले आणि त्या क्षणी माझी गाडी सोसायटीच्या सामाईक मालमत्तेत जमा झाली.

"पेट्रोल आहे ना?"

होतं. मग नानांनी बॅटरी गेल्याचं जाहीर केलं. बॅटरी गेली असती तर सेल्फ एवढा कसा फिरला असता, या माझ्या शंकेवर ते म्हणाले, "नव्या गाड्यांचं काही सांगता येत नाही." वॉचमन धक्का मारायला बाह्या सरसावून तयारच होता. बायको भरजरी साडीत, हातात बाळाचं बाळलेणं घेऊन, एक शब्दही न बोलता उभी होती. हे सगळ्यात वाईट.

बाबांची पद्मिनी अशी रुसली की ते ठिणगीचे पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, चोक ओढायचे, दोन शिव्या द्यायचे. तिघांपैकी एक उपाय लागू पडायचाच. माझ्याकडे शिव्यांऐवजी ऑनलाइन सेलमध्ये घेतलेला स्कॅनर होता. तो स्टिअरिंगखालच्या सॉकेटात खोचला आणि मोबाइलवर कुंडली उमटली, म्हणजे बिघाडाचा कोड: पी०३३५. क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरचं सर्किट.

इंजिनात क्रँकशाफ्टबरोबर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याबरोबर, एक दातेरी चाक फिरतं. बऱ्याच गाड्यांत त्यावर साठ दात्यांची जागा असते, पण मुद्दाम दोन गाळलेले असतात. ती फट समोरून गेली की सेन्सर कॉम्प्युटरला कळवतो आणि त्यावरून पिस्टन कुठे आहे ते त्याला समजतं. थोडक्यात, हा सेन्सर म्हणजे मुहूर्त सांगणारा. मुहूर्तच कळला नाही तर गुरुजी "सावधान" म्हणणार कसे? ना पेट्रोलचा फवारा, ना ठिणगी. मंडळी नुसत्या अक्षता धरून उभी.

सेन्सरच्या कपलरला तीन वायरी: एक पाच व्होल्टची, एक अर्थची म्हणजे मायनसची, एक सिग्नलची. मल्टिमीटर काढला, बायकोच्या शिवणाच्या डब्यातून दोन टाचण्या घेतल्या, किल्ली ऑन केली. लाल टोक पहिल्या वायरीला: शून्य. दुसऱ्या: शून्य. तिसऱ्या: शून्य. मी गंभीर चेहऱ्याने "कॉम्प्युटर उडाला" असं सांगून टाकलं. नानांनी त्याची किंमत तीस हजार ठरवली. खात्री म्हणून लाल टोक बॅटरीच्या प्लसला लावलं, तर तिथेही शून्य! आता जी बॅटरी सेल्फ फिरवतेय, तिच्यात शून्य व्होल्ट? पाऊण तासाने उलगडा झाला. काळं टोक मी ज्या बोल्टला टेकवलं होतं, त्याला जाड रंग होता. रंगातून अर्थ कुठून मिळणार? ते बॅटरीच्या मायनसला लावलं आणि बॅटरीत साडेबारा व्होल्ट परतले. नाना म्हणाले, "बघा, चार्ज झाली."

आता पहिल्या वायरीवर ४.९८ आले. आनंदाने हात हलला, कोपर हार्नेसला, म्हणजे नळीतल्या वायरींच्या जुडग्याला, लागलं आणि आकडा पुन्हा शून्य. हार्नेस सोडला: ४.९८. दाबला: शून्य. वायर आतून कुठेतरी तुटलीय, एवढं मला कळलं. कुठे ते कळेना. वाईला आम्ही एसटीने गेलो.

सोमवारी इलेक्ट्रिशियन आला. त्याने मीटर काढलाच नाही. काळी नळी उकलून आत बोट घातलं आणि म्हणाला, "साहेब, उंदीर." वायरीचं आवरण कुरतडून तांबं उघडं पडलं होतं, जेमतेम दोन तारा एकमेकींना टेकून होत्या. सोल्डर मारलं, वर स्लीव्ह चढवून लायटरने आवळली. गाडी पहिल्या सेल्फला उठली.

मग एअर फिल्टरच्या मागून त्याने घरटं काढलं: अर्धी पोळी, आंब्याची कोय, कापूस आणि उंदीर पळावेत म्हणून मीच टांगलेली तंबाखूची पुडी. पुडी फोडून नीट अंथरली होती.

"इथे मांजर नाही का एखादं?" त्याने विचारलं.

मी पान्यांकडे बघत राहिलो. नाना मात्र खिडकीतून म्हणाले, "होता ना बोका. बोनेटवर पंजे उमटतात म्हणून मार्चच्या मीटिंगमध्ये अर्ज आला होता. अर्ज आहे माझ्याकडे, फाइलला. सहीसकट."