खुलासा: प्रत्येक सिंक्रोनस ग्रामर दोन-दोनात फोडता येत नाही

नाशिकच्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ग्रुपवर एक नोट्सचं पान फिरतंय: ‘साध्या कॉन्टेक्स्ट-फ्री ग्रामरप्रमाणेच सिंक्रोनस ग्रामरही चॉम्स्की नॉर्मल फॉर्ममध्ये आणता येतं.’ (ग्रामर म्हणजे वाक्यं घडवणाऱ्या नियमांचा संच, आणि चॉम्स्की नॉर्मल फॉर्म म्हणजे एका नियमातून एका वेळी फार तर दोनच भाग निघतील असा साचा.) कॉलेज रोडच्या क्लासमधल्या मुलांनीही मला हेच विचारलं. हे चूक आहे.

सिंक्रोनस ग्रामरचा एकच नियम दोन भाषांच्या रचना एकत्र घडवतो. एका बाजूच्या प्रत्येक नॉनटर्मिनलची (पुढे अजून फोडायच्या चिन्हाची) दुसऱ्या बाजूला जोडी ठरलेली, क्रम मात्र बदलू शकतो. तीन नॉनटर्मिनलपर्यंत नोट्स बरोबर आहेत, कारण कसाही क्रम लावा, कुठलेतरी दोन शेजारी दोन्ही बाजूंना शेजारीच राहतात आणि त्यांचा गट करता येतो.

चार झाले की गाडी अडते. एका बाजूला क ख ग घ, दुसऱ्या बाजूला ख घ क ग असा नियम घ्या. क-ख, ख-ग, ग-घ यांपैकी कुठलेही दोन दुसऱ्या बाजूला शेजारी नाहीत. तिघांचा गटही जमत नाही. स्वतः कागदावर करून बघाच, पाठ करू नका! संगणकशास्त्रज्ञ एहो आणि उलमन यांनी १९६९ मध्येच दाखवलं होतं, की चारपासून पुढे नियमातले नॉनटर्मिनल वाढवत नेले, की ग्रामरची ताकदही (म्हणजे कोणकोणती भाषांतरं मांडता येतात ते) वाढत जाते.

पान पुढे पाठवलं असेल, तर ही दुरुस्तीही त्याच ग्रुपवर टाका.