खाऱ्या वाऱ्याच्या भरवशावर

गोव्यातल्या गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गोव्याला समुद्राचा वारा आहे, त्यामुळे इथे प्रदूषण साचतच नाही, प्रदूषणाचा वर्षाचा आकडा चांगलाच येतो, हवेची स्थिती दाखवणाऱ्या ॲपवर वाईट आकडा दिसला तर ते समुद्राचं मीठ, आणि पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेला उद्याचा पाऊस धड सांगता येत नाही, ती 2100 सालचं हवामान काय सांगणार? चांगली शिकलीसवरलेली माणसंही हे पुढे पाठवतायत, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी वारा. खारे वारे दिवसा जमिनीकडे येतात. रात्री दिशा उलटते आणि मतलई वारे इथला धूर-धूळ समुद्राकडे ढकलतात. पण ती घाण फार लांब जात नाही. दुसऱ्या दिवशी वारा फिरला की त्यातली बरीच किनाऱ्यावर परत येते. डिसेंबर-जानेवारीत आणखी एक अडचण होते. रात्री जमीन भराभर निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वर उबदार हवेचा थर बसतो. खालचा धूर तो थर भेदू शकत नाही. पहाटे डिचोलीकडे कुणी काजूखालचा पाचोळा पेटवला तर नीट बघा: धूर माडाच्या शेंड्यापर्यंत सरळ चढतो, मग आडवा पसरतो आणि ऊन तापेपर्यंत तसाच लोंबकळत राहतो. गाड्यांचा धूर असा नजरेला दिसत नाही, पण तोही त्याच थराखाली अडकलेला असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी ‘सफर’ ही हवेच्या पूर्वानुमानाची यंत्रणा उभी केली. अशा यंत्रणेला या थराची उंचीही हिशेबात धरावीच लागते.

वर्षाचा आकडा चांगला येतो, कारण जून ते सप्टेंबर पाऊस हवा धुऊन काढतो. ते चार महिने बाकीच्या आठांना सांभाळून घेतात. जानेवारीतला दमेकरी मात्र जानेवारीचीच हवा आत घेतो. म्हणून तर नियमात दोन मर्यादा आहेत: अतिसूक्ष्म कणांसाठी, म्हणजे पीएम 2.5 साठी, वर्षाची सरासरी 40 आणि चोवीस तासांची 60 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये वर्षाची मर्यादा 5 वर आणली. तिच्याशी तुलना केली तर फुशारकी मारण्यासारखं फार उरत नाही.

मिठाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. समुद्राचे क्षार हवेत असतात, पण ते बहुतेक जाड कणांत. मोजमाप यंत्राच्या गाळणीवर जमलेले कण प्रयोगशाळेत तपासले की सोडियम आणि क्लोराइड मिठाकडे बोट दाखवतात, सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम मातीकडे, कार्बन धूर आणि कोळशाकडे. कोळसा उतरतो त्या बंदराजवळच्या वास्कोत खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं की काळं होतं. ते मीठ नव्हे. आणि फडक्याने पुसता येते ती जाड भुकटी. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारा कण केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहून लहान असतो, तो कट्ट्यावर दिसणारही नाही.

आता 2100. उद्या वाळपईत पाऊस किती वाजता पडेल हा एक प्रश्न. तीस वर्षांची सरासरी कुठे सरकेल हा वेगळा. दुसऱ्या प्रश्नात वातावरणात किती उष्णता अडकते याचा हिशेब असतो. हा हिशेब संगणकावर करणाऱ्या मॉडेलला आधी गेलेला काळ पुन्हा उभा करायला लावतात आणि प्रत्यक्ष नोंदींशी ताडून बघतात. 1991 मध्ये पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, तेव्हा पृथ्वी तात्पुरती सुमारे अर्धा अंश थंड होईल असं मॉडेलने आधी सांगितलं होतं, आणि तसंच झालं. पुण्याच्या संस्थेचं स्वतःचं पृथ्वी-प्रणाली मॉडेल आहे. 2021 च्या आंतरराष्ट्रीय हवामानबदल अहवालासाठी झालेल्या जगभरच्या मॉडेलांच्या तुलनेत ते सामील होतं. याच संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने 2020 मध्ये निघालेला सरकारी अहवाल सांगतो की 1901 ते 2018 दरम्यान देशाचं सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशांनी वाढलं. हे भाकीत नाही, मोजलेलं आहे. अरबी समुद्रातली चक्रीवादळं वाढल्याचंही संस्थेच्या अभ्यासात दिसलं. मे 2021 मधलं तौक्ते इथे कुणी विसरलेलं नाही.

मॉडेलची मर्यादाही सांगायला हवी. जागतिक मॉडेल पृथ्वीचे शे-दोनशे किलोमीटरचे चौकोन करतं, आणि आपला गोवा उत्तर-दक्षिण जेमतेम 105 किलोमीटर. सत्तरीचा घाट आणि कळंगुटचा किनारा एकाच चौकोनात पडू शकतात. त्यामुळे एका गावाचा 2080 चा पाऊस कुणी छातीठोकपणे सांगितला तर विश्वास ठेवू नका. शास्त्रज्ञ तसा दावा करत नाहीत.

खाणी पुन्हा सुरू होतायत, खनिजाचे ट्रक गावांतून धावू लागलेत. तेव्हा हा मजकूर पुढे ढकलण्यापेक्षा ग्रामसभेत विचारा: आमच्या रस्त्याला सर्वांत जवळचं मोजमाप केंद्र कुठे आहे, ते आठवड्यातून दोन दिवस मोजतं की सतत, आणि जानेवारीतल्या पहाटेचे आकडे आम्हाला कधी दाखवणार?