घास कोंबू नका, ताटात ठेवा आणि गप्प बसा

परवा बेळगावात गणपत गल्लीत भाजी घेताना ओळखीतली एक वहिनी भेटली, दोन वर्षाचं लेकरू कडेवर आणि त्याच्या हातात पाच रुपयाचं चिप्सचं पाकीट. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "काय करू गं, काहीच खाईना झालाय, हे तरी पोटात जातंय म्हणून देते." डोळ्यात पाणी होतं तिच्या. घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे म्हणून आज लिहितेय.

माझा मुलगा आता अडीच वर्षाचा आहे. दीड वर्षापर्यंत मऊ भात, मुगाचं वरण, भोपळा, सगळं खायचा आणि मग एकदम बंद. पांढरा भात, दूध आणि चहात बुडवलेलं बिस्कीट, बास. सासूबाई ताट घेऊन गेटपर्यंत मागे, मी मोबाईलवर गाणी लावून बसलेली, आणि तोंड उघडलं की कुणीतरी घास आत सारायचा. एक दिवस मी त्याचे गाल दाबून पालकभाताचा घास घातला आणि त्यानं सगळं ओकून टाकलं. नंतर पंधरा दिवस हिरवं काहीही दिसलं की दोन्ही हातांनी तोंड झाकायचा. ते हात मला अजून दिसतात.

लहान मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी दूध किती पितो ते विचारलं. जवळपास लिटरभर! म्हणाले, अर्ध्या लिटरच्या वर नको, पोट दुधानंच भरतंय आणि दुधात लोह नसल्यातच जमा, वर चहा दिला की जेवणातलं लोह नीट अंगाला लागत नाही. आणि पहिल्या वर्षात बाळाचं वजन तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात दोन-अडीच किलोच वाढतं, मग भूक कमी होणारच की. नवीन पदार्थाची भीती पण याच वयात सुरू होते आणि पाच-सहा वर्षापर्यंत राहू शकते. एकच भाजी आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर आल्यावर मूल ती तोंडात घालतं म्हणे. आम्ही तर तिसऱ्या वेळीच "ह्याला आवडत नाही" म्हणून मोकळे व्हायचो.

माझं माहेर खानापूर भागातलं, तिकडं घरची नाचणी. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, कर्नाटकात शाळेत पोरांना दुधातनं रागी माल्ट (रागी म्हणजे नाचणीच) देतात ते काही उगाच नाही. मी रोज दुपारी त्याच्यासमोर छोट्या वाटीत नाचणीची आंबील ठेवायला लागले, काही न बोलता. चार दिवस वाटी ढकलली, मग बोट बुडवून फरशीवर रेघा मारल्या, एकदा चाटून थुंकलं. मी फक्त पुसून घेतलं. सासूबाई म्हणायच्या, "अगं उपाशी राहील पोरगं," आणि त्यांची काळजी खोटी नव्हती, पण मी म्हटलं आई, आठ दिवस बघूया. एक दिवस सासरे ताक आणि कच्चा कांदा घातलेली आंबील पीत होते, हा गेला, त्यांचा हात धरून तांब्या आपल्या तोंडाकडं ओढला, कांद्याचा तुकडा तेवढा बोटानं काढून टाकला आणि बाकीची प्याला!

रताळ्याचं पण तसंच. आपल्या बेळगुंदी, उचगाव भागात एवढी रताळी पिकतात आणि आपण फक्त उपासाला आणतो. उकडलेलं अख्खं रताळं त्याच्या हातात दिलं, साल काढायला त्याला वीस मिनिटं लागली, निम्मं कपड्याला, निम्मं पोटात, पण स्वतःच्या हातानं.

भाजी लपवून देणं मला पटत नाही. मी चपातीत पालक वाटून घातला होता, त्याला कळलं आणि नंतर साधी चपाती पण उलगडून बघायला लागला. लेकराचा ताटावरचा विश्वास गेला की मग काय खाणार ते? चिऊचा घास काऊचा घास जरूर करा, पण तोंड त्यानं स्वतः उघडू दे. काय आणि कधी द्यायचं ते आपण ठरवायचं, किती खायचं ते त्यानं. मधल्या वेळेत पाणी सोडून काही नाही, मोबाईल नाही, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी न रागावता ताट उचलायचं. हां, अख्खे शेंगदाणे या वयात नको, घशात अडकतात, कूट करून द्या. आणि वजन कमी व्हायला लागलं किंवा मूल मलूल दिसलं तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

दोडका आणि मेथी अजून खात नाही. आज सकाळी गाजराचा शिजवलेला तुकडा चावला, थुंकला, परत उचलून वास घेतला आणि ताटाच्या कडेला ठेवून दिला. हा सहावा दिवस. उद्या परत ठेवणार.