‘व्हेगाचा बॉक्स कशालाही चालतो’ म्हणे!

अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये हॉट रॉड (जुन्या गाड्यांत फेरफार करून बनवलेल्या गाड्या) बांधणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे: ‘भंगारातून शेव्हरोले व्हेगाचा स्टिअरिंग बॉक्स उचल, फ्रेमला ठोक. तो कुठल्याही गाडीला चालतो. प्ले (सैलपणा) असेल तर वरचा स्क्रू आवळ, विषय संपला.’ व्हेगाचा बॉक्स, म्हणजे स्टिअरिंगचे फिरणे चाकांकडे पोचवणारा गिअरचा डबा, चांगलाच आहे, त्याबद्दल वाद नाही. आकाराने लहान, वजनाला हलका आणि आत रीसर्क्युलेटिंग बॉलची, म्हणजे आट्यांमधून फिरत राहणाऱ्या गोळ्यांची रचना. पण या सल्ल्यातला उरलेला भाग धोक्याचा आहे.

‘भंगारातून उचल.’ कुठल्या भंगारातून? व्हेगाचे उत्पादन 1977 मध्ये थांबले आणि ही गाडी गंजण्यासाठीच बदनाम होती. शोधायचेच असेल तर तिच्याच घराण्यातली मॉन्झा बघा, ती 1980 पर्यंत बनली. पण बॉक्स मॅन्युअल (पॉवर स्टिअरिंगचा नसलेला) आहे ना, याची खात्री करूनच पैसे द्या. नाहीतर नवी नक्कल सरळ बाजारात मिळते. पन्नास वर्षांच्या गंजक्या डब्याला ‘ओरिजिनल’ म्हणून जादा पैसे मोजण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

‘कुठल्याही गाडीला चालतो.’ खरी गोम इथे आहे. बॉक्स निवडण्याआधी ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकापर्यंत जाणारी दांडी) कुठून जाणार ते ठरवावे लागते. फोर्डच्या जुन्या मॉडेल ए ची किंवा 1932 च्या फोर्डची मूळ रचना साइड स्टिअरची. पिटमन आर्म (बॉक्समधून बाहेर येणारा हात) पुढे-मागे हलतो आणि डाव्या चाकाला ढकलतो. तीच रचना ठेवायची असेल तर व्हेगाच्या नादी लागू नका. फोर्डच्या जुन्या पिकअपचा, म्हणजे 1948 ते 52 च्या एफ-1 चा किंवा त्यानंतरच्या एफ-100 चा बॉक्स तिथे शोभतो. काही जण शेव्हरोलेच्याच कॉर्व्हेअर गाडीचा घेतात. तो मूळ स्वरूपात नेहमीसारखा बसवला तर स्टिअरिंग डावीकडे फिरवल्यावर चाके उजवीकडे वळतात. म्हणून तर उलट्या आट्यांचा वर्म (स्टिअरिंगसोबत फिरणारा आट्यांचा दंड) घातलेले ‘रिव्हर्स्ड’ कॉर्व्हेअर बॉक्स विकले जातात.

व्हेगाचा बॉक्स क्रॉस स्टिअरचा. तो डाव्या फ्रेम रेलवर बसतो आणि ड्रॅग लिंक आडवी जाऊन उजव्या चाकाच्या आर्मला मिळते. पुढची स्प्रिंग आडवी आणि शॅकलवर (झुलणाऱ्या कड्यांवर) टांगलेली असेल, तर चाके वळण्याआधी अख्खी बॉडीच आडवी सरकते. स्टिअरिंग फिरवले, गाडी डुलली, मग कुठे वळली, असा प्रकार. त्यावर इलाज पॅनहार्ड रॉडचा, म्हणजे हे आडवे सरकणे रोखणाऱ्या दांडीचा: एक टोक ड्रायव्हरच्या बाजूला फ्रेमला, दुसरे उजवीकडे अ‍ॅक्सलला, आणि रॉड ड्रॅग लिंकला शक्य तितका समांतर, लांबीलाही जवळपास तेवढाच. रॉड उलट्या बाजूला बांधला तर खड्ड्याखड्ड्याला स्टिअरिंग हिसका देईल. शिवाय डावीकडचा एक्झॉस्ट आणि इंजिन माउंट बॉक्सच्या आड येतात का, हे वेल्डिंगच्या आधी बघा.

‘स्क्रू आवळ.’ हा तर सगळ्यात वाईट सल्ला. बॉक्सचे दात मुद्दाम असे घडवलेले असतात की बरोबर मध्यावर पकड सर्वांत घट्ट. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून झीजही मध्यावरच जास्त होते. आधी वर्मच्या बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे त्यावर आधीच दिलेला दाब, बघायचा. मग शाफ्ट एका लॉकपासून (फिरण्याच्या टोकापासून) दुसऱ्या लॉकपर्यंत फिरवून वळसे मोजायचे, निम्मे मागे यायचे, आणि त्या मध्यावरच स्क्रू लावायचा. कडेला असताना आवळलात तर मध्यावरून जाताना बॉक्स अडकेल. झिजलेल्या बॉक्सचा प्ले स्क्रूच्या जोरावर मारलात, तर वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येणार नाही. हायवेवर याचा अर्थ काय, ते सांगायला नको.

विकत घेताना शाफ्ट हातानेच फिरवून बघा. कुठे खरखर, टकटक लागली तर तिथेच ठेवा. सेक्टर शाफ्टचे (ज्यावर पिटमन आर्म बसतो त्या दांड्याचे) स्प्लाइन, म्हणजे त्यावरच्या खाचा, पिळलेले नाहीत ना, बोल्टच्या कानांना तडा नाही ना, तेलाऐवजी तपकिरी पाणी तर गळत नाही ना, हे बघायला टॉर्च पुरते. कानाला तडा असेल तर ‘वेल्ड मारून देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे निघा.

‘पॉवर बॉक्स घेतला की सगळे प्रश्न मिटतात’ असे शेपूटही कधी कधी या सल्ल्याला जोडलेले असते. मॉडेल ए चे पुढचे टोक इतके हलके असते की मॅन्युअल बॉक्स पुरतो. पंप, होज आणि गळती ही वरची डोकेदुखी.