फियाटचा सीमाप्रश्न

बेळगावात घरासमोर बंद गाडी उभी राहिली की आठवड्याभरात ती गल्लीच्या मालकीची होते. आमची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, माझ्या ताब्यात आहे ती फक्त टायरात हवा भरण्यापुरती.

गाडी १९७८ ची. गडहिंग्लजला बायकोच्या मामांच्या गोठ्यात ती वर्षानुवर्षं कडब्याआड उभी होती. मामा म्हणाले, "फुकट घेऊन जा जावईबापू, पण घेऊन जा." त्यातला 'पण'नंतरचा भाग जरा मोठ्यानं होता. टेम्पोवर चढवून संकेश्वरमार्गे आणताना हद्दीवर एकानं अडवलं. "गाडी असंल तर पेपर दाखवा, भंगार असंल तर पावती दाखवा." मी गाडीकडं बघितलं, त्यानंही बघितलं. मग त्यानंच निकाल दिला, "जावा, भंगारच हाय." सीमेवर इतक्या झटपट लागलेला दुसरा निकाल मला माहीत नाही. बेळगाव महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं, हे ठरवायला महाजन आयोग १९६६ साली नेमला, अहवाल १९६७ साली आला, २००४ साली प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि अजून तिथंच आहे.

गल्लीत गाडी उतरली आणि हक्क सांगणारे उगवले. समोरचे काका बोनेटवर हात ठेवून म्हणाले, "आमच्या वरातीला हीच होती." मी म्हटलं, काका, तुमचं लग्न ७२ सालचं, पद्मिनी हे नाव पडलं १९७४ साली. "मग हिची आई असंल." यात ते चुकले नव्हते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं इटलीची फियाट अकराशे डी १९६४ पासून कुर्ल्यात बनवायला घेतली. तीच पुढं प्रेसिडेंट झाली आणि मग चितोडच्या राणीचं नाव लावून बसली. कोपऱ्यावरचे निवृत्त मास्तर मात्र तिला 'डुक्कर फियाट'च म्हणत. डुक्कर फियाट पन्नासच्या दशकातली, गोल पाठीची, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, दाराखालच्या गंजावर छत्रीचं टोक टेकवलं आणि ते आरपार गेलं. "बरं, डुक्कर म्हणत नाही," ते म्हणाले, "चाळण म्हणतो."

पत्र्याची अवस्था तशीच होती. ड्रायव्हरच्या सीटवर बसलं की पायांच्या मधून अंगणातली शहाबादी फरशी दिसायची. सडका पत्रा कापायचा, नवा वेल्डिंग करून बसवायचा, त्यावर रेड ऑक्साइड, मग खड्डे बुजवायची लांबी, मग घासकाम, मग रंग, हा क्रम गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ झाला. पण आमच्याकडं जूनमध्ये येऊन बसलेला पाऊस सप्टेंबरशिवाय उठत नाही. ओल्या हवेत रंग मारला की तो दुधाळतो, आणि उघडा ठेवलेला पत्रा रात्रीत लालसर होतो. मी दिवसा घासायचो, पाऊस रात्री माझं काम पुसून टाकायचा. आई खिडकीतून म्हणायची, "एवढं घरातलं पितळ घासलं असतंस तर पुण्य तरी लागलं असतं."

आमचे मिस्त्री हा स्वतंत्र प्रांत आहे. ते कन्नडमध्ये आशा दाखवतात, उर्दूत गाडीला शिव्या देतात आणि खर्च मराठीत सांगतात. एक हजार एकोणनव्वद सीसीचं इंजिन जाम झालं होतं. "आगतैत्री, आगतैत्री," म्हणजे होईल, होईल, म्हणत त्यांनी चारी प्लग काढले, भोकांतून डिझेल आणि रॉकेलचं मिश्रण ओतलं आणि "नाळे बर्री," म्हणजे उद्या या, असं म्हणून स्कूटरवर बसले. हे उद्या बरेच झाले. शेवटी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून गल्लीतल्या पोरांनी ती पुढं-मागं झुलवली, तेव्हा आतून 'कट्' असा आवाज आला. पिस्टन सुटला की दांडा मोडला, यावर दोन तट पडले. मिस्त्री "सुटला" म्हणाले, तेही मराठीत, म्हणून माझ्या पोटात गोळा आला.

कार्बोरेटर त्यांनी आमच्या ओट्यावर, वर्तमानपत्र पसरून सोडवला. तळाशी वाळलेल्या पेट्रोलचा हिरवट, चिकट थर, वास व्हार्निशचा. त्यातून त्यांनी पेट्रोल मोजून सोडणारा पितळेचा जेट काढला. करंगळीच्या नखावर मावेल एवढा, मधोमध सुई जेमतेम शिरेल असं भोक. मी मदत म्हणून टाचणी पुढं केली तर माझ्या हातावर चापट बसली. टाचणीनं भोक मोठं होतं आणि मग गाडी जन्मभर पेट्रोल ढोसते. त्यांनी जेट रॉकेलमध्ये बुडवला, तोंडात धरून फुंकला, उजेडाकडं करून एक डोळा मिटला. "सूर्य दिसला," ते म्हणाले. मग तो सूर्य काकांनी बघितला, मास्तरांनी बघितला, दूधवाल्यानं किटली खाली ठेवून बघितला. या हातातून त्या हातात जाताना जेट गटारात पडला. पोरांनी दोरीला चुंबक बांधून गटार उपसायला घेतलं. पितळ चुंबकाला चिकटत नाही, हे मास्तरांनी गटार स्वच्छ झाल्यावर सांगितलं.

जेट मुंबईहून मागवला. तिथंही आता चणचणच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली होती; वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी उरली नाही. टॅक्स्या होत्या तोवर सुटे भाग होते. आता दुकानदार 'ओरिजिनल' हा शब्द सोनारासारखा उच्चारतात.

गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, आणि त्याच्या जोडकामातले बुश, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या छोट्या नळ्या, झिजलेले. मी रिव्हर्स टाकायचो आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये जायची. मागं जायला निघालेला माणूस काकांच्या तुळशीवृंदावनापाशी पोचायचा. बुश बाजारात मिळेना. पण बेळगावात असल्या गोष्टींनी कुणी खचत नाही, कारण आपल्याकडं उद्यमबाग आहे. फाउंड्र्या आहेत, लेथ आहेत. नमुना दाखवला तर लोक अख्खा पंप ओतून देतील. एका लेथवाल्यानं झिजका बुश चिमटीत धरून बघितला आणि म्हणाला, "काढून सोडतो की! पण शंभर घ्यायला लागतील. एकासाठी मशिन लावत न्हाई." गाडीत थोडेसेच लागले. उरलेले आमच्या घरात सर्वत्र आहेत. पडद्यांच्या दोरीला आहेत, मुलाच्या कॅरममध्ये हरवलेल्या सोंगट्यांच्या जागी आहेत, आणि लोणच्याच्या फोडी बुडून राहाव्यात म्हणून आईनं त्यांची पुरचुंडी बरणीत ठेवायला काढली तेव्हा मात्र मी आडवा पडलो.

गाडी सुरू झाली. धूर एवढा, की समोरच्या वहिनींनी वाळत घातलेल्या साड्या पुन्हा धुतल्या. पण सुरू झाली. आणि पेट्रोल गळू लागलं. मिस्त्रींनी रबरी पाइप वाकवून दाखवला. फुगून मऊ पडलेला. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ते जुन्या रबराला सोसत नाही. मला यात गंमत वाटली. इथेनॉल उसाच्या मळीचं आणि रसाचं, ऊस आमच्याच जिल्ह्यातला, कारखाने चिक्कोडी-गोकाककडचे. म्हणजे आपल्याच शेतातला ऊस आपल्याच गाडीचे पाइप खातो. काकांचा अथणीकडं ऊस आहे. ते म्हणाले, "दर मिळतोय न्हवं? खाऊ दे की."

राहिले कागद. गाडी महाराष्ट्रात नोंदलेली. परराज्यातली गाडी इथं बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिकडचा ना-हरकत दाखला आणून इथला नंबर घ्यावा लागतो. मी तिकडं गेलो की गाडी इकडं आहे म्हणून इकडं जा म्हणत, आणि इकडं आलो की कागद तिकडचे म्हणून तिकडं जा म्हणत. एकानं सुचवलं, विंटेज म्हणून नोंदवा, २०२१ पासून सोय झालीय. वीस हजार रुपये भरायचे, नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. पण त्यासाठी गाडी पन्नास वर्षांवरची लागते. आमची अजून वयात आलेली नाही. भंगारात जायला म्हातारी आणि मान मिळायला पोर, अशा मधल्या पट्ट्यात ती अडकली. यावर गल्लीत कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. "बेळगावचीच झाली म्हणायची," मास्तर म्हणाले.

खंडेनवमीला आईनं झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबं ठेवली. लिंबं चिरडण्यापुरती गाडी चालली आणि आईच्या लेखी काम संपलं. दसऱ्यानंतर इथल्या आरटीओत तपासणीची तारीख मिळाली. ना-हरकत दाखला एकदाचा आला होता. गाडी मात्र स्वतःच्या चाकांवर न्यायची होती. बायको बरोबर आली, ती प्रेमानं नव्हे, तर हँडब्रेक धरत नाही म्हणून चाकामागं लावायचा दगड मांडीवर घेऊन.

टिळकवाडीतलं दुसरं रेल्वे गेट नेमकं पडलेलं. उन्हात इंजिन तापलं, इंजिनाला लावलेल्या पंपातल्या पेट्रोलची वाफ झाली आणि गाडी बसली. यावर उपाय ठरलेला: पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि थांबायचं. मी बोनेट उघडून फडकं पिळतोय तोवर भोवती माणसं जमली. कुणी म्हणालं पॉइंट बघा, कुणी म्हणालं कॉइल गेली, एकानं त्याच्या वडिलांच्या वरातीचं सांगितलं. एक जाडसर गृहस्थ सरळ बायकोच्या खिडकीपाशी गेला.

"वहिनी, देणार काय गाडी?"

बायकोनं काच खाली केली. एवढे दिवस जिचा उल्लेख ती 'तुमची ती' असा करायची, तिच्याबद्दल ती शांतपणे म्हणाली, "किती देताय?"

त्यानं आकडा सांगितला, पण तेवढ्यात मिरजेकडची गाडी धडधडत आली आणि आम्हा दोघांनाही काही ऐकू आलं नाही. धूळ येते म्हणून बायकोनं काच वर घ्यायला हँडल फिरवलं. काच दारात गडप झाली, हँडल तिच्या हातात आलं.

ट्रेन गेली. गृहस्थानं हँडलकडं बघितलं, दाराकडं बघितलं.

"हे बघा वहिनी," तो म्हणाला, "आता त्यातनं पाचशे कमी."